अठरा दिवसांची लस

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात ७ जानेवारी २०२४ रोजी केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडं पाल्हाळ तेवढं काढलं.)

 पस्तीस वर्षांनी लगेच ओळखू येणाऱ्या आणि अजिबात ओळखू न येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू आफ्रिकेतले अनुभव सांग, वीस मिनिटं." मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? तर म्हणे, "सिंह वगैरे." तेवढं आधी सांगून टाकतो. मलावीत मी आठ वर्षं आहे, सिंह एकदाच पाहिला, तोही झोपलेला होता.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे वळतो. ते एका लसीबद्दल आहे. आपल्या दिवे घाटाच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर ती तयार झाली आणि सुमारे पावणेसहा हजार किलोमीटरवर माझ्या डोळ्यांसमोर जळाली. आणि ते माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. तो शाळेत आपल्या चार वर्षं मागे होता. मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच्या शेवटच्या आठवड्यात तर तुमच्यातले तिघे-चौघे माझ्यापेक्षा त्याच्याजवळ होते. "आभाराचं भाषण करू नकोस" अशी दटावणी मला मिळालेली आहे, म्हणून पुढे जातो.

माझं काम काय आहे, हे आईलासुद्धा पंधरा वर्षं नीट सांगता आलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि औषधांच्या गोदामात लागलो. तिथून लसींच्या साठ्याकडे आलो. लस कारखान्यातून निघते तिथपासून बाळाच्या दंडापर्यंत ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. मध्ये विमान येतं, विमानतळावरचं ऊन येतं, मध्यवर्ती शीतगृह, जिल्ह्याचं भांडार, आरोग्य केंद्रातला फ्रीज आणि शेवटी नर्सच्या खांद्यावरचा व्हॅक्सिन कॅरिअर, ज्यात चार आईस पॅक असतात. याला शीतसाखळी म्हणतात. साखळीची एक कडी तापली की लस गेली. बाटलीकडे बघून ते कळेलच असं नाही. पाण्यासारखीच दिसते, टोचतानाही तशीच. फक्त ती काम करत नाही.

आईला मी शेवटी दुधाचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "म्हणजे तू दूधवाला आहेस." तेव्हापासून घरात माझा हुद्दा तोच आहे.

दंडावरचे वण बघा आपापल्या. आपली पिढी देवीची लस टोचलेली जवळजवळ शेवटची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि जगात नैसर्गिक लागण झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांकडे अणुबॉम्ब रोखून बसले होते, त्याच काळात दोघांनी मिळून हे काम उभं केलं. रशियाने लस मोठ्या प्रमाणावर दिली, भारतालाही दिली. कोरडी भुकटी केलेली ती लस उन्हातही टिकायची, त्यामुळे सायकलवरून, बैलगाडीतून, पायी, कुठेही नेता यायची. हे मी आठवण म्हणून सांगत नाही. असं एकदा झालेलं आहे, एवढंच मनात ठेवा. पुढे लागेल.

आणि आपलं हडपसर. पुण्याला जाताना एसटी घाट उतरली की फुरसुंगी आणि मग हडपसर. तिथल्या घोड्यांच्या फार्मच्या गोष्टी आपण ऐकायचो. पूनावालांचे घोडे धनुर्वाताचं सिरम बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे आणि पुढे १९६६ मध्ये त्यांनी स्वतःचीच सिरम इन्स्टिट्यूट काढली. आपल्या गावातले किती जण तिथे कामाला गेले, त्याची मोजदाद नाही. पण ती लस जगात कुठे जाते, हे मला गाव सोडल्यावर कळलं. आमच्याबरोबर बुर्किना फासोचा एक जण काम करायचा. त्याच्या देशात दर काही वर्षांनी मेंदूज्वराची साथ यायची, मेनिन्जायटिस ए. मोठ्या कंपन्यांना त्या लसीत रस नव्हता, कारण ज्यांना ती हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते. मग जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी हडपसरकडून ती करून घेतली. डोस पन्नास सेंटच्या आत, म्हणजे तेव्हाचे वीस-बावीस रुपये. डिसेंबर २०१० मध्ये पहिली मोहीम बुर्किना फासोत झाली आणि त्या पट्ट्यातून ती साथ जवळजवळ नाहीशी झाली. मी पुण्याजवळचा आहे असं कळल्यावर त्या माणसाने उठून माझा हात हातात घेतला होता. मी काहीही केलेलं नव्हतं. पण हात काढूनही घेतला नाही.

२०२० मध्ये कोविड आला. लस तयार होण्याआधीच ती कोणाला मिळणार याची रांग लागली. श्रीमंत देशांनी त्याच उन्हाळ्यात आगाऊ पैसे मोजून डोस राखून ठेवायला सुरुवात केली. कॅनडासारख्या देशाने तर आपल्या लोकसंख्येला कितीतरी वेळा पुरतील इतके. त्यांचीही एक बाजू होती. कोणती लस यशस्वी होईल ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांवर पैसे लावले. पण एकाच्या सावधगिरीमुळे दुसऱ्याचं ताट रिकामं राहतं, हे पंगतीत वाढणाऱ्या कोणालाही कळतं.

यावर उपाय म्हणून 'कोव्हॅक्स' निघालं. गॅव्ही, सेपी आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ते चालवलं, पोचवण्याचं काम युनिसेफकडे. सगळ्या देशांनी एकत्र खरेदी करायची आणि प्रत्येक देशाला आधी त्याच्या वीस टक्के लोकांपुरती लस द्यायची, म्हणजे आरोग्य कर्मचारी, म्हातारी माणसं, आजारी माणसं. २०२१ संपेपर्यंत दोनशे कोटी डोस, असं उद्दिष्ट होतं. कल्पना चांगली होती. पण ज्यांच्याकडे पैसे होते ते आधीच दुसऱ्या दाराने आत गेले होते आणि कोव्हॅक्सकडे पैसा आला तो उशिरा. आणि त्याची सुरुवातीची जवळजवळ सगळी भिस्त एका कारखान्यावर होती. आपल्या.

१८ जानेवारी २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी एक आकडा सांगितला. ४९ श्रीमंत देशांत मिळून ३ कोटी ९० लाख डोस देऊन झाले होते. सर्वांत गरीब देशांपैकी एकात २५. पंचवीस हजार नव्हेत. पंचवीस. त्याच्या सहा दिवस आधी मलावीत एकाच दिवशी दोन मंत्री कोविडने गेले होते. आमच्या कार्यालयात त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. मंत्री वाचत नाहीत, तर आरोग्य केंद्रातल्या नर्सचं काय, हाच विचार प्रत्येकाच्या मनात होता.

त्याच जानेवारीत, २१ तारखेला, मांजरीच्या आवारात आग लागली आणि पाच कामगार गेले. लसीला धक्का लागला नाही, अशी बातमी जगभर सुटकेच्या सुरात दिली गेली. ती वाचताना मला कसंतरी झालं होतं, तेवढं नोंदवून ठेवतो.

५ मार्चला लिलाँग्वेच्या विमानतळावर ३ लाख ६० हजार डोस उतरले. कोव्हॅक्सची पहिली खेप घानात उतरून जेमतेम दहा दिवस झाले होते. मी तापमानाच्या नोंदी तपासायला गेलो होतो. खोका फिरवून बघितला तर पत्ता छापलेला, हडपसर, पुणे ४११०२८. चाळीस वर्षं ज्या थांब्यावर कंडक्टरचं "हडपसर, हडपसर" ऐकलं, तो शब्द तिथे धावपट्टीच्या कडेला वाचताना घशात काहीतरी अडकलं. शेजारचा पोर्टर म्हणाला, "कातेमेरा?" तिकडच्या चिचेवा भाषेत लसीला कातेमेरा म्हणतात. मी म्हटलं, हो, माझ्या गावची.

११ मार्चला मोहीम सुरू झाली. राष्ट्राध्यक्षांनी झोंबा शहरात सर्वांसमोर लस घेतली. भारत सरकारने वेगळे ५० हजार डोस भेट दिले. आणि २६ मार्चला आफ्रिकी संघाच्या मार्फत आणखी १ लाख २ हजार डोस आले. तेही हडपसरचेच. त्या खोक्यांवरची मुदत वाचली तेव्हा मी सहकाऱ्याला म्हटलं, माझा चष्मा बदलायला झालाय, तू वाच. त्याने वाचलं, १३ एप्रिल.

अठरा दिवस.

घरात लग्न असतं तेव्हा आपण पत्रिका अठरा दिवस आधी वाटायला काढत नाही. इथे एक लाख डोस होते. आधी ते जिल्ह्यांत पोचवायचे. मार्च म्हणजे तिकडे पावसाळ्याचा शेवट, दक्षिणेकडचे रस्ते चिखलात. मग नर्सना सांगायचं की आधीची खेप बाजूला ठेवा, ही आधी वापरा. एका बाटलीत दहा डोस आणि बाटली उघडली की काही तासांत संपवायची, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत थांबायचं. आणि त्याच काळात युरोपातल्या काही देशांनी हीच लस रक्ताच्या गुठळ्यांच्या शंकेने थांबवलेली. तिकडच्या बातम्या मलावीतल्या मोबाइलवर आमच्या खोक्यांच्या आधी पोचल्या होत्या. माणसं विचारायची, गोऱ्यांनी नको म्हटलेली आम्हाला देताय का? त्यात मुदत संपत आली आहे हेही फुटलं. मग तर विचारायला नको.

तरी ८० टक्क्यांहून जास्त डोस आम्ही त्या अठरा दिवसांत टोचले. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तिथल्या नर्स आणि 'हेल्थ सर्व्हिलन्स असिस्टंट', म्हणजे आपल्या आशाताईंसारखे कार्यकर्ते, सायकलवर कॅरिअर बांधून फिरले. उरले १९ हजार ६१०.

आता घाटाच्या वर येऊ, आपल्या गावात. मार्चअखेर भारताने लसीची निर्यात थांबवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात कितीतरी केंद्रांवर 'लस संपली आहे' असे कागद चिकटवलेले होते. तुम्ही ते पाहिले आहेत, मी फोटोत पाहिले. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली होती. माझा भाऊ ४३ वर्षांचा होता. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना १ मेपासून मिळणार, असं जाहीर झालं तेव्हा त्याने मला निरोप पाठवला, "दादा, १ तारखेला पहिला नंबर लावतो." २० एप्रिलला त्याला ताप आला. जेजुरी, सासवड, हडपसर, सगळीकडे खाटेसाठी फोन झाले. तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या जीपमध्ये सिलिंडर टाकून त्याला नेलं. तुमच्यातली एक रोज आईच्या दारात डबा ठेवत होती आणि रस्त्यावर उभी राहून आई तो उचलेपर्यंत थांबत होती. मी लिलाँग्वेत होतो आणि विमानं बंद होती. २७ एप्रिलला पहाटे तो गेला.

मी पाच दिवसांनी कामावर गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

१९ मे रोजी लिलाँग्वेच्या कामुझू सेंट्रल हॉस्पिटलच्या भट्टीत ते १९ हजार ६१० डोस जाळले. जाहीरपणे, कॅमेऱ्यांसमोर. मुदत संपलेली लस तुम्हाला टोचली जाणार नाही, हे लोकांना पटवायचं होतं म्हणून. निर्णय बरोबर होता. मी यादी हातात धरून बॅच नंबर वाचत होतो आणि एक जण खोके आत टाकत होता. हडपसर, हडपसर, हडपसर. काचेच्या बाटल्या तापल्या की तडकतात. तो आवाज बराच वेळ येत होता.

ती बातमी जगभर गेली. इथल्या कुठल्याशा वाहिनीवरही दाखवली असावी, कारण त्या रात्री आईचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "ती आपलीच लस होती ना रे?"

मी हो म्हटलं.

"मग तिकडे कशाला पाठवली होती?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी फोन चालू ठेवून गप्प बसलो, तीही बसली. आज तीन वर्षांनी तुमच्यासमोर ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. ती इथे पहिल्याच रांगेत बसली आहे, चुकलो तर सांगेल.

आधी हिशेब. निर्यात थांबेपर्यंत भारतातून सुमारे साडेसहा कोटी डोस बाहेर गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त विकलेले होते, एक कोटीच्या आसपास भेट दिलेले, आणि कोव्हॅक्समार्फत गरीब देशांना गेलेले सुमारे दोन कोटी. आपल्याकडे प्रौढ माणसं ९० कोटींच्या वर, प्रत्येकाला दोन डोस. सगळेच्या सगळे बाहेर गेलेले डोस इथे ठेवले असते, तरी ४३ वर्षांच्या, धडधाकट, मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा नंबर त्या एप्रिलमध्ये लागला असता का? बहुधा नाही. तो वयाच्या नियमात अडकला होता. नियम तसा होता कारण लस कमी होती, आणि लस कमी होती याची कारणं मलावीत सापडत नाहीत. आपल्या सरकारने सिरमला पहिली मागणी नोंदवली ती जानेवारी २०२१ मध्ये, १ कोटी १० लाख डोसची. ज्यांनी आदल्या उन्हाळ्यात पैसे मोजले होते ते रांगेत कितीतरी पुढे होते. १ मे उजाडला तेव्हाही महाराष्ट्राकडे तरुणांसाठी डोस इतके थोडे होते की काही दिवसांतच ते लसीकरण थांबवावं लागलं आणि ते डोस ४५ वरच्यांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवावे लागले. भाऊ १ तारखेपर्यंत असता, तरी त्याला परत पाठवलं असतं, अशीच शक्यता जास्त.

निर्यात थांबवली ते चूक होतं का? मला दर आठवड्याला तिकडे हा प्रश्न विचारला जायचा आणि विचारणाऱ्याला माझ्या घरचं माहीत नसायचं. मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. ज्या आठवड्यात पुण्यात स्मशानात जागा नव्हती, त्या आठवड्यात कुठलंच सरकार लसीचं विमान परदेशी सोडणार नाही. थांबवलं ते मला समजतं. पण कोव्हॅक्ससाठी ते नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत थांबलं. आठ महिने. ऑक्टोबरमध्ये आपण शंभर कोटी डोसांचा उत्सव केला, तेव्हाही कोव्हॅक्सकडे हडपसरचा नवा डोस गेलेला नव्हता. ते मला समजत नाही. आणि एका कारखान्यावर अर्ध्या जगाचा भार टाकून योजना आखणारे शहाणे, त्यांनी त्या कारखान्याच्या देशात साथ आली तर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. ते तर अजिबात समजत नाही. आपल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगाच्या वेळी विचारायच्या, "हा बर्नर विझला तर दुसरा कुठे आहे?" तेवढं विचारायला कोणी नव्हतं.

आणि ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे ती पडून होती. अमेरिकेने हीच लस कोट्यवधींनी घेऊन ठेवली होती, तिथे ती वापरायला परवानगीही नव्हती. ६ कोटींपर्यंत डोस इतर देशांना देऊ, असं त्यांनी जाहीर केलं २६ एप्रिलला. तारीख माझ्या लक्षात राहिली आहे, का ते तुम्हाला कळेल. मेच्या मध्यावर तिकडे बारा वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली. चांगलं झालं, मुलंच ती. पण मलावीत कोविड वॉर्डातल्या कितीतरी नर्स दुसऱ्या डोसची वाट बघत होत्या, तोही महिना तोच. एकच लस तेव्हा युरोपने दोन डॉलरच्या आसपास आणि दक्षिण आफ्रिकेने सव्वापाच डॉलरला घेतली होती. गरिबाने दुप्पट मोजले. सुटं किराणा घेणाऱ्याला हे नवीन नाही.

भारताने आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली होती की साथ असेपर्यंत पेटंटचे हक्क बाजूला ठेवा, ज्याला जमेल त्याला लस बनवू द्या. त्यावर निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही कापून-छाटून. तोवर जगात लस उरायला लागली होती. आणि त्याआधी, २०२१ च्या शेवटी, श्रीमंत देशांनी उरलेले डोस पाठवायला सुरुवात केली ते असे की एकट्या डिसेंबरमध्ये गरीब देशांना दहा कोटींहून जास्त डोस नाकारावे लागले. मुख्य कारण काय, तर मुदत संपत आलेली. बातम्यांत यायचं, 'आफ्रिकेने लस नाकारली.' आम्हाला ते अठरा दिवस आठवायचे. शेवटी त्या नोव्हेंबरात आफ्रिकेतल्या संस्थांनी आणि कोव्हॅक्सने मिळून लेखी सांगितलं होतं की देणगीची लस देशात उतरेल तेव्हा तिची किमान दहा आठवडे मुदत शिल्लक हवी. एवढी साधी गोष्ट मागायला वर्ष गेलं.

पुढे 'द लॅन्सेट' गटाच्या एका नियतकालिकात अभ्यास आला, लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या लोकांनी केलेला. लसीकरणाच्या पहिल्या वर्षात वाचलेल्या जिवांचा त्यांचा अंदाज एक कोटी चव्वेचाळीस लाखांच्या पुढे होता. म्हणजे लस लागली, खूप लागली. त्यातच पुढे होतं की कोव्हॅक्सचं ते वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं असतं, तर सर्वांत गरीब देशांतले कोविडचे ४५ टक्के मृत्यू टळले असते. सगळ्यांना नव्हे, वीस टक्क्यांनाच. मी हा कागद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे. तिकडे कशाला पाठवली? तर तिकडे एक नर्स होती म्हणून. लिलाँग्वेच्या बाहेरच्या एका आरोग्य केंद्रात काम करते, तिशीची असेल. तिला पहिला डोस मार्चमध्ये मिळाला, त्याच पहिल्या ३ लाख ६० हजारांतला. दुसरा बारा आठवड्यांनी, म्हणजे जूनमध्ये. जूनमध्ये आमची शीतगृहं रिकामी होत चालली होती. फ्रीज चालू, आत काही नाही. जुलैत डेल्टाची लाट आली. त्या लाटेत मी तिच्या केंद्रावर फ्रीज तपासायला गेलो होतो. बोलता बोलता भावाचं निघालं. तिने विचारलं, "त्याचे दोन्ही डोस झाले होते ना?" मी म्हटलं, एकही नव्हता. तिला ते पटेना. जिथे कातेमेरा बनतो तिथल्या माणसाला मिळाला नाही, हे कसं होईल? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही आम्हाला आधी दिलात?"

आम्ही कोणी तसं ठरवून दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मी तिला ते सांगितलं नाही. मी ही गोष्ट त्याच रात्री आईला फोनवर सांगितली. आई काही बोलली नाही. आजीच्या वेळेचं काहीतरी काढून फोन ठेवला.

थोडं आत्ताचं सांगून संपवतो, सूत्रसंचालक घड्याळ दाखवतोय. आठवड्याभरापूर्वी, ३१ डिसेंबरला, कोव्हॅक्स बंद झालं. १४६ देश आणि प्रदेशांना मिळून दोनशे कोटींच्या जवळपास डोस दिले, म्हणजे जे २०२१ मध्ये व्हायचं होतं ते २०२३ अखेर. मलावीतलं आमचं काम पुन्हा गोवर, पोलिओ आणि लहान मुलांच्या इतर लसींवर आलं आहे. केपटाऊनला एमआरएनए लसीचं केंद्र उभं राहिलं आहे, आफ्रिकेत लस बनावी म्हणून. आणि जिनिव्हात सगळे देश बसून पुढच्या साथीसाठी करार लिहीत आहेत, येत्या मेपर्यंत तो पुरा करायचा आहे. त्याच्या मसुद्यात एक कलम आहे की साथीच्या वेळी जी लस, जे औषध बनेल त्याचा किमान वीस टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती असावा, गरज असेल तिथे देण्यासाठी. त्यावरच सर्वांत जास्त भांडण चालू आहे. तुमच्यापैकी दोघे औषध कंपन्यांत मोठ्या जागेवर आहेत आणि एक जण दिल्लीत सरकारी नोकरीत. चहाच्या वेळी मी तुम्हाला गाठणार आहे. मला त्या कलमाच्या खाली एक ओळ हवी आहे, मुदत निदान दहा आठवडे. आणि आणखी एक, कारखाने निदान तीन खंडांत.

ऑगस्ट २०२१ मध्ये मलावीला देणगीची लस आली आणि त्या नर्सला दुसरा डोस मिळाला. सप्टेंबरमधल्या एका रविवारी आईचा फोन होता. घरातलं सगळं सांगून झालं, दुकान भाड्याने द्यायचं ठरतंय, पुतणी नववीत गेली, ऑनलाइन शाळेत डोळे बिघडतायत. आणि मग मध्येच, "तुझ्या त्या नर्सबाईंना दुसरी सुई मिळाली का रे?"

मी म्हटलं, मिळाली आई, गेल्या महिन्यात.

"बरं झालं," म्हणाली. मग तिने यंदा सीताफळाला काय भाव आहे ते सांगितलं.